राखेच्या विटांचं घर

“राखेच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तुम्ही दोघं राहा सुखानं!”

मैत्रिणींनो, आमच्या घराचं भूमिपूजन झालं त्याच रात्री सासूबाईंनी जेवणाच्या पानावर बसून हे जाहीर केलं, आणि माझी तव्यावरची पोळी तव्यावरच करपली. चौदा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर विदर्भातल्या आमच्या या गावात एक छोटा प्लॉट घेतला होता. बँकेचं वीस वर्षांचं कर्ज, ह्यांच्या फंडातले पैसे, शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवून मी बाजूला टाकलेले चार पैसे आणि शेवटी माझ्या पाटल्या, असं सगळं मिळून हे घर उभं राहायचं होतं. आणि ज्यांच्यासाठी तळमजल्यावर पूर्वेची खोली काढली होती, त्याच म्हणत होत्या, मी येणार नाही!

कारण काय, तर विटा. इंजिनिअरनं लाल भट्टीच्या विटांऐवजी राखेच्या विटा सुचवल्या होत्या. फ्लाय अॅश ब्रिक्स असं त्यानं कागदावर लिहिलं होतं. ह्यांनी जेवताना सहज त्याचा मराठीत अर्थ सांगितला, आणि तिथंच चुकलं.

खरं सांगायचं तर मीही मनातून धास्तावलेच होते. राख ती राख! फुंकर मारली की उडते. तिची भिंत कशी उभी राहायची? पण भूगोलाच्या बाईनं नुसतं धास्तावून कसं चालेल? म्हटलं, आधी माहिती काढू, मग सासूबाईंशी बोलू. त्या दोन-तीन महिन्यांत मी जे पाहिलं, विचारलं आणि एकदा चांगला फटका खाऊन शिकले, ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

चुलीची राख वेगळी, ही राख वेगळी

आपल्या पिढीतल्या पुष्कळजणींनी लहानपणी राखेनं भांडी घासलेली आहेत. आजी वालाला, मुगाला राख चोळून ठेवायची, म्हणजे कीड लागत नसे. दात घासायला राखुंडी असायची. म्हणून राख म्हटलं की आपल्याला चुलीतली, लाकडागोवऱ्यांची राख आठवते.

वीजकेंद्रातली राख म्हणजे ती नव्हे. ती दगडी कोळशाची. औष्णिक वीजकेंद्रात कोळसा आपल्या कणकेसारखा बारीक दळतात आणि भट्टीत फुंकून जाळतात. त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेवर यंत्र फिरतं आणि आपल्या घरातला दिवा लागतो. कोळशाबरोबर जमिनीतून आलेली माती आणि दगडाचा अंश मात्र जळत नाही. तो वितळतो, धुराबरोबर वर जाता जाता थंड होतो आणि त्याचे काचेसारखे गोल गोल कण बनतात. हे कण टाल्कम पावडरीसारखे बारीक असतात. चिमणीत जाण्याआधी विजेचा भार दिलेल्या मोठमोठ्या पत्र्यांवर ते पकडून खाली पाडतात. हीच उडती राख. थोडी जाड राख भट्टीच्या तळाशी पडते, ती वेगळी.

आपल्या देशातल्या कोळशात राखेचं प्रमाण फार, साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणजे तीन पोती कोळसा जाळला तर एक पोतं राख उरलीच म्हणा! एक युनिट वीज करायला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, त्यातून २०० ते २५० ग्रॅम राख निघते. तुमच्या घरी महिन्याला १२० युनिट वीज जळत असेल, तर तुमच्या नावावर दर महिन्याला पंचवीस-तीस किलो राख कुठंतरी साठते आहे. फ्रीज, मिक्सर, पंखा हे सगळं त्या हिशेबात आलं. साऱ्या देशाची मिळून ही राख वर्षाला वीस कोटी टनांहून जास्त भरते.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. ही राख कोणी फुकट आणून दिली तरी तिनं भांडी घासू नका, धान्याला लावू नका, कुंडीत हातानं कालवू नका. तिच्यात बारीक सिलिका असते, शिवाय आर्सेनिक, शिसं अशा धातूंचे अंश असतात. कोरडी राख श्वासाबरोबर फुप्फुसात जाणं वाईट. नाव एक असलं तरी चुलीच्या राखेची ही बहीण नव्हे!

साठवलेल्या राखेचं दुखणं

मग इतकी राख जाते कुठं? पुष्कळ वर्षं सरळ उत्तर होतं, की पाण्यात कालवून मोठ्या तलावात सोडायची. वीजकेंद्राच्या आसपास शेकडो एकरांवर असे राखेचे तलाव असतात. ओले असतात तोवर ठीक. उन्हाळ्यात वरचा थर वाळला आणि वावटळ सुटली की आसपासच्या गावांत दोरीवरचे कपडे, अंगणातली तुळस, वाळत घातलेले सांडगे, सगळ्यावर करडी साय चढते. माझ्या नववीच्या वर्गातल्या अशा गावांहून येणाऱ्या मुलींना मी एकदा सांगितलं, एक पांढरा रुमाल रात्रभर गच्चीवर ठेवा आणि सकाळी घेऊन या. त्या रुमालांकडे पाहिल्यावर त्या दिवशी मला वेगळा धडा शिकवावा लागला नाही.

पावसाळ्यात भीती वेगळी. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा इथं मुसळधार पावसात राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत शिरला. तुम्ही तेव्हा वर्तमानपत्रात वाचलंच असेल.

म्हणून सरकारनं राख वापरण्याची सक्ती सुरू केली. सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्र सरकारची अधिसूचना निघाली. वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत विटा करणाऱ्यांनी मातीत निदान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे, असा नियम झाला. पुढे २००३ साली हे अंतर १०० किलोमीटर झालं, २०१६ साली ३०० किलोमीटर. सरकारी आकडे सांगतात, की १९९६-९७ मध्ये देशातल्या राखेपैकी जेमतेम दहा टक्के राख कामी लागत होती, आणि २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेलं. ऐकायला छान वाटतं, पण त्यात खड्डे आणि जुन्या खाणी भरायला टाकलेली राखही धरलेली असते, आणि आधीच्या वर्षांची साठलेली राख तशीच पडून आहे. सगळी राख विटांत, सिमेंटात गेली, असं समजून चालणार नाही.

आजीच्या वाड्यातली सुरखी

आता मुख्य प्रश्न. राखेची वीट होते कशी?

माझ्या आजोळी जुना वाडा होता. त्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे आजोबांचा घाम निघे. आजी सांगायची, बैलाच्या घाणीत चुना दळला, त्यात सुरखी घातली, तेव्हा कुठं अशी भिंत झाली. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. नुसता चुना मऊ राहतो, सुरखीबरोबर तो दगड होतो. राखेच्या विटेचं गुपित नेमकं हेच आहे, बाई! भाजलेल्या मातीत किंवा वितळून गार झालेल्या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना असतात. चुना आणि पाणी मिळालं की त्यांचा हळूहळू संयोग होतो आणि सिमेंटसारखा चिवट पदार्थ तयार होतो. इटलीतल्या पोझ्झुओली गावच्या ज्वालामुखीची राख चुन्यात घालून दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी बंदरं बांधली. त्या गावावरूनच अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ म्हणतात.

सिमेंटच्या पोत्यावर पी. पी. सी. अशी अक्षरं तुम्ही पाहिली असतील. त्यातला मधला ‘पी’ म्हणजे हाच पोझोलाना. त्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. म्हणजे ज्या राखेला सासूबाई नावं ठेवत होत्या, ती आमच्या भाड्याच्या घराच्या भिंतीतही असणारच!

मोठमोठी धरणंही राखेवर उभी आहेत. अमेरिकेतलं हंग्री हॉर्स धरण १९५३ साली पूर्ण झालं, त्याच्या काँक्रीटमध्ये राख आहे. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात ती वापरली. आणि आपल्या अकोले तालुक्यातल्या घाटघरला रोलरनं दाबून काँक्रीटचं धरण बांधलं, त्या पद्धतीचं देशातलं पहिलं. त्यात निम्म्याहून जास्त सिमेंटच्या जागी राख घातली आहे.

विटांच्या बाबतीत विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास या दोघांचं नाव घ्यायला हवं. राख, चुना आणि जिप्सम यांच्या मिश्रणातून भट्टीशिवाय पक्की वीट करायची ‘फाल-जी’ पद्धत त्यांनी बसवली. भानुमतीदास बाई आहेत, हे मी मुद्दाम सांगते. सिमेंट-विटा हे पुरुषांचं क्षेत्र म्हणून आपण तिकडे बघतसुद्धा नाही, म्हणून.

पहिला ट्रक आणि आमची फजिती

एवढं सगळं वाचून, विचारून मी ह्यांना म्हटलं, “चला, राखेच्याच विटा घेऊ.” अठरा हजार विटा लागणार होत्या. हे ऑफिसातल्या कोणाच्या ओळखीनं एका विटावाल्याकडे गेले, दहा हजार रुपये आगाऊ देऊन आले, आणि मे महिन्यात तीन हजार विटांचा पहिला ट्रक प्लॉटवर येऊन पडला.

संध्याकाळी शाळेतून परस्पर तिथं गेले तर मिस्त्री विटेवर नखानं रेघा ओढत बसला होता. म्हणाला, “बाई, पाहा बरं तुम्हीच. नखानं खरवडते ही वीट. मी बांधून देईन हो, पण मग मले बोल नका लावू.” मी एक वीट उचलली तर कोपरा हातात राहिला. करड्या रंगाची पूड साडीवर सांडली.

ह्यांचं म्हणणं पडलं, “तीन हजारच तर आहेत. आतल्या भिंतींना वापरू. उगाच भांडण नको, ओळखीचा माणूस आहे.” त्या रात्री मला झोप लागली नाही. आतली भिंत म्हणजे काय कमी महत्त्वाची? त्याच भिंतीला टेकून माझी मुलं अभ्यासाला बसणार. आणि कर्ज फेडायचं वीस वर्षं!

दुसऱ्या दिवशी मी चार विटा घरी आणल्या. एक कोरडी वीट किराणा मोजायच्या काट्यावर ठेवली. २ किलो ८०० ग्रॅम भरली. मग ती बादलीत पूर्ण बुडवून चोवीस तास ठेवली. पाणी करडं झालं. बाहेर काढून, वरवर पुसून पुन्हा तोलली, तर ३ किलो ६०० ग्रॅम! म्हणजे विटेनं ८०० ग्रॅम पाणी पिलं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेनं आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. या विटेला जास्तीत जास्त ५६० ग्रॅमची मुभा होती.

काटा पिशवीत घातला, ह्यांना बरोबर घेतलं आणि विटावाल्याकडे गेले. तो ह्यांच्याकडे बघूनच बोलत होता. शेवटी मला म्हणाला, “वहिनी, तुम्हाला काय कळतं विटांमधलं?” मी म्हटलं, “मला वजन कळतं, भाऊ. तुम्ही तुमच्या हातानं तोला.” तिथल्याच दोन विटा भिजत ठेवायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. आकडा तोच! तेव्हा कुठं त्यानं कबूल केलं, की मागणी फार म्हणून चार-पाच दिवसांच्याच विटा पाठवल्या होत्या, पाणी पुरतं मारलंच नव्हतं. विटा परत घेतल्या, आगाऊ रकमेतून ट्रकचं जाण्यायेण्याचं भाडं कापून घेतलं. नुकसान झालं ते झालं. ह्यांनी परत येताना स्कूटरवर काहीच बोलणं केलं नाही. पण त्या दिवसापासून विटांचा हिशेब त्यांनी माझ्याकडे दिला.

सासूबाई बरोबर आल्या

दुसरा कारखाना मी स्वतः पाहायचा ठरवला. कारखाना कसला, एक मोठी शेड आणि पुढे मोकळं अंगण. निघताना सासूबाई म्हणाल्या, “मी पण येते. पाहू तरी काय करता.” मला आश्चर्यच वाटलं.

तिथं एका गोल फिरणाऱ्या यंत्रात राख, चुना, जिप्सम आणि खदानीची चुरी पडत होती. निम्म्याहून जास्त राखच. वरून मोजून पाणी. ते ओलसर मिश्रण दाबयंत्राच्या साच्यात जाई आणि खटकन विटा बाहेर येत. रेजा बायका त्या फळ्यांवर अलगद उचलून ठेवत होत्या, तोंडाला ओले फडके बांधून. एक-दोन दिवस सावलीत वाळल्या की विटांच्या थप्प्या लावायच्या आणि दोन-तीन आठवडे त्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. भट्टी नाही, धूर नाही, शेतातली वरची काळी माती खरवडायला नको. प्रत्येक थप्पीवर खडूनं तारीख लिहिली होती. ती तारीख बघूनच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

सासूबाई एका थप्पीपाशी उभ्या राहिल्या. विटेवरून हात फिरवत म्हणाल्या, “ही तीच राख ना गं, तळ्यातली?”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते बारा वर्षांच्या संसारात मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर अशाच एका राखेच्या तलावाजवळचं. तीसएक वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तलावातली राख ओसंडून त्यांच्या भावाच्या तुरीच्या वावरात आली. पाणी ओसरलं, राख बसली ती बसलीच. वाळून वर पापुद्रा धरला. विहिरीचं पाणी राखट झालं. पुढे दोन-तीन वर्षं मामा पेरत राहिले, उगवायचं ते अर्धवट. शेवटी वावर दिलं टाकून आणि दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेले. “दादा त्या राखेपायी खचला,” एवढंच त्या बोलल्या.

मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसांचा शकुन-अपशकुन असेल. मसणवट्याची राख वगैरे! मी मनातल्या मनात हसलेही होते. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

काय बोलावं ते सुचेना. मग मी आपलं शिक्षकी पेशाप्रमाणे हिशेब मांडला. “आई, एका विटेत निदान दीड किलो राख. आपल्या अठरा हजार विटांत सत्तावीस टन. म्हणजे मोठे तीन ट्रक राख तळ्यात न जाता आपल्या भिंतीत जाईल. आणि लाल विटा घेतल्या असत्या तर पन्नास टनांहून जास्त माती कोणाच्या तरी वावरातून गेली असती.”

त्या बराच वेळ त्या बायकांचं काम पाहत राहिल्या. परत निघताना रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “तीन ट्रक म्हणालीस ना? घाल मग भिंतीत. तिथं निदान कोणाच्या वावरात जाणार नाही.”

विटा घेण्याआधी एवढं पाहा

मैत्रिणींनो, घर बांधायचं झालं की विटा-रेती-सिमेंट हे सगळं आपण पुरुषमंडळींवर सोपवतो आणि स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उंचीपुरतं तोंड उघडतो. तसं करू नका. भाजी निवडून घेणाऱ्या बाईला वीट निवडता येते. या परीक्षा अगदी सोप्या आहेत :

१. तारीख विचारा. वीट किती दिवसांची आहे? निदान २८ दिवस झालेली घ्यावी. कच्ची, ताजी वीट भिंतीत बसल्यावर आकसते आणि प्लास्टरला तडे जातात.

२. नख ओढा. पक्क्या विटेवर नखाची खोल रेघ उठत नाही. कोपरे आणि कडा धारदार असाव्यात, बोटानं झडू नयेत.

३. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर संशय घ्या.

४. कमरेइतक्या उंचीवरून कडक जमिनीवर वीट सोडा. चांगली वीट सहसा फुटत नाही.

५. पाण्याची परीक्षा घराच्या काट्यावर करा. कोरडी ३ किलोची वीट चोवीस तास भिजून ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाता कामा नये.

६. भिजवलेली वीट वाळू द्या. वर पांढरी भुकटी फार आली तर क्षार जास्त आहेत. अशा भिंतीला लोणा लागतो आणि रंग टिकत नाही.

७. एकाच ट्रकातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या विटा तपासा. आंब्याच्या पेटीचा अनुभव इथंही लागू!

घरच्या परीक्षा या चाचपणीपुरत्या, हेही लक्षात ठेवा. विटेची दाब सोसण्याची ताकद प्रयोगशाळेतच कळते. विटावाल्याकडे तपासणीचा कागद मागा, आणि तो तुमच्या इंजिनिअरला दाखवा.

बांधकाम चालू असताना

राखेची वीट यंत्रावर दाबलेली असल्यामुळे सगळ्या एका मापाच्या असतात. त्यामुळे सांधे सारखे येतात आणि प्लास्टरचा थर पातळ पुरतो. आमचा मिस्त्रीही ते कबूल करतो. पण विटेचं अंग गुळगुळीत असतं, म्हणून विटांमधले सांधे ओले असतानाच थोडे खरवडून ठेवायला सांगा, म्हणजे प्लास्टर धरून राहतं. लाल विटांसारखं या विटांना हौदात बुडवून ठेवू नका. लावण्याआधी वरून पाणी शिंपडलं की पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी मारणं. राख आणि चुन्याचा संयोग सावकाश होतो, म्हणून राखेच्या सिमेंटला पाणी जास्त दिवस लागतं. पी. पी. सी. सिमेंटचं काँक्रीट निदान दहा दिवस ओलं ठेवावं, आमच्यासारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात चौदा दिवस. बिगारी दुपारी झोपला तर स्लॅबवर ओली पोती आपणच टाकायची. मी टाकली आहेत!

विटा कापताना, भिंतीला खाचे पाडताना धूळ उडते. त्या वेळी मुलांना तिथं खेळू देऊ नका आणि काम करणाऱ्यांना तोंडाला फडकं बांधायला सांगा. एकदा वीट पक्की झाली आणि वर प्लास्टर बसलं, की राख आत बांधली जाते.

आणि हो, राखेच्या विटांनी घर थंड राहतं असं कोणी सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका. आमच्याकडच्या उन्हाळ्यात उष्णता मुख्यतः वरून, स्लॅबमधून उतरते. त्याचा इलाज गच्चीवर आहे. आम्ही गच्चीला पांढरा चुना मारला, फरक पडतो.

टाकाऊ कशाला म्हणायचं?

हे सगळं करताना माझी नजरच बदलली. साखर कारखान्यात उसाचा रस काढल्यावर उरणारा चोथा पूर्वी निव्वळ जाळायला जायचा. त्याच चिपाडाचा कागद होतो, त्यावर वीज होते. मळीपासून अल्कोहोल होतं. रस गाळून उरलेला गाळ शेताला खत म्हणून जातो. पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी दळून सिमेंटमध्ये पडते. गिरण्यांतल्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात, त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. आपण नाही का, शिळ्या पोळीचा कुस्करा करत आणि जुन्या लुगड्याची गोधडी शिवत! मोठे कारखाने आता तेच शिकताहेत. फक्त आपल्या चुकीनं गोधडी उसवते, त्यांच्या चुकीनं कोणाचं तरी वावर जातं. म्हणून टाकाऊतून टिकाऊ करताना घाई करून चालत नाही. माझ्या पहिल्या ट्रकातली राखही तीच होती. तिला फक्त पुरेसं पाणी आणि पुरेसे दिवस मिळाले नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात आमची वास्तुशांत झाली. सासूबाईंच्या माहेरचे मामा आले होते. आता खूप थकले आहेत. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी त्यांना जिन्याखाली नेलं. तिथं एक हातभर भिंत प्लास्टर न करता तशीच ठेवायला त्यांनीच मिस्त्रीला सांगितलं होतं. कशाला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मामांनी विटेवर हात ठेवला, मग अंगठ्याचं नख ओढून पाहिलं. रेघ उठली नाही.

“पक्की आहे,” ते म्हणाले, आणि सासूबाईंनी मला त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितला.